कर्नल नवा आला आणि वायफाय गेलं: मॉड्यूलचा दोष शोधायची रीत

रात्री अपडेट पूर्ण झालं. सकाळी लॅपटॉप उघडला तर वायफायचं चिन्हच नाही. किंवा स्क्रीनवरची अक्षरं भाकरीएवढी मोठी झालेली. किंवा मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवर वजनकाट्याचा आकडा कॉम्प्युटरवर यायचा थांबलेला. लिनक्सवर अपडेटनंतर लगेच असं काही झालं, तर पहिला संशय एकावरच घ्यायचा: कर्नल नवा आला, पण त्या हार्डवेअरचं मॉड्यूल त्याच्याबरोबर आलं नाही.

‘फॉरमॅट मारून टाक’ हा सल्ला कोल्हापुरात राजारामपुरीपासून उद्यमनगरापर्यंत कुठेही फुकट मिळतो. तो घेऊ नका. जुना, चालणारा कर्नल बहुतेक वेळा मशीनमध्येच असतो आणि दोष साधारण अर्ध्या तासात सापडतो. मात्र पायऱ्या ओळीने घ्यायच्या. इंटरनेटवर दिसेल ती आज्ञा चालवत सुटलात, तर आधी एक दोष होता तिथे तीन होतील.

वाचण्यापूर्वी एक खूण लक्षात ठेवा. इथल्या सगळ्या आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, यूनेम म्हणजे यू-एन-ए-एम-ई, आणि डीएमईएसजी, एपीटी, डीकेएमएस हे जसे वाचता तसेच अक्षर-अक्षर टाइप करायचे. उदाहरणं मुख्यतः उबंटू, मिंट आणि डेबियनची आहेत. फेडोरा आणि आर्चचं वेगळं काही असेल तर ते जागच्या जागी येईल.

मुळात बिघडतं काय

कर्नल हा यंत्रणेचा गाभा. वायफाय, ग्राफिक्स, साउंड, यूएसबी-सीरियल अशा हार्डवेअरशी बोलणारे तुकडे त्यात लागेल तसे चढवता-उतरवता येतात. तेच मॉड्यूल. प्रत्येक कर्नल आवृत्तीच्या मॉड्यूल्सना स्वतःचं वेगळं फोल्डर असतं. ६.८.०-४५-जेनेरिक हा कर्नल असेल तर त्याची मॉड्यूल्स /लिब/मॉड्यूल्स/६.८.०-४५-जेनेरिक इथे. पुढच्या अपडेटला ६.८.०-४७ आला की नवं फोल्डर. जुन्या फोल्डरमध्ये पडलेलं मॉड्यूल नवा कर्नल बघतसुद्धा नाही.

मग जुनी फाइल उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकली तर? कोल्हापुरात फाउंड्रीचं काम पाहिलेल्याला हे चटकन कळेल. साचा बदलला आणि कोअर जुनाच बसवला, तर ओतकाम फसतं. मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलं, त्या कर्नलच्या आतल्या मापांवर ते बेतलेलं असतं, आणि ती मापं आवृत्तीगणिक बदलतात. लिनक्सचे कर्ते ही अंतर्गत मापं कायम ठेवण्याचं वचन मुद्दामच देत नाहीत. म्हणून प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात ‘व्हरमॅजिक’ नावाची एक ओळ असते. कोणत्या कर्नलसाठी बांधलं ते त्यात लिहिलेलं असतं. ती जुळली नाही तर कर्नल मॉड्यूल दारातूनच परत पाठवतो.

तुमचं मॉड्यूल कुठून आलेलं आहे यावर पुढचा सगळा इलाज ठरतो. काही मॉड्यूल्स कर्नलबरोबरच येतात. त्यांचा त्रास क्वचित होतो. काही ‘मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतात. आणि काही कर्नलच्या बाहेरची, म्हणजे एनव्हिडियाचा ड्रायव्हर, ब्रॉडकॉमचं डब्ल्यूएल, रिअलटेकच्या यूएसबी डोंगलचे गिटहबवरून आणलेले ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स. अपडेटनंतरच्या बहुतेक तक्रारी या तिसऱ्या घरच्या. नव्या कर्नलसाठी ती पुन्हा बांधावी लागतात. हे बांधकाम आपोआप करणारी व्यवस्था म्हणजे डीकेएमएस. ती मूळ डेल कंपनीने तयार केली. डीकेएमएसचं बांधकाम जिथे अडतं, तिथून वायफाय गेल्याची रडारड सुरू होते.

आधी जुन्या कर्नलवर परत या

दुरुस्तीला बसायच्या आधी चालणाऱ्या जमिनीवर उभे राहा. मशीन रीस्टार्ट करा. कंपनीचं चिन्ह जाताच, नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप आणि जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबा. ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर मेनूऐवजी ‘ग्रब>’ एवढीच ओळ दिसते. घाबरू नका, तिथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर मारा. मेनूतल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. नावापुढे ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेली ओळ नको, साधी घ्या.

जुन्या कर्नलवर वायफाय आलं? मग निदान जवळपास झालं. हार्डवेअर ठीक आहे, बिघाड मॉड्यूलचा आहे, आणि आता तुमच्या हाताशी इंटरनेटही आहे. जुन्या कर्नलवरही नाही आलं, तर आधी वायफायची कळ, एअरप्लेन मोड आणि डोंगलचं बूड तपासा. पुढचं वाचायची कदाचित गरज पडणार नाही.

जुना कर्नल मेनूत नसेल तर मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. वायफायचा ड्रायव्हर नसला तरी हे साधारणपणे चालतं, कारण त्यासाठी लागणारी मॉड्यूल्स कर्नलबरोबरच येतात. हॉटस्पॉटचा इथे उपयोग नाही, त्याला पुन्हा वायफायच लागतं. आणि केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलवर लोक तासभर डोकं फोडतात.

कोणता कर्नल चालू, कोणते पडून

आता टर्मिनल उघडा.

यूनेम -आर

ही आज्ञा या क्षणी चालू असलेला कर्नल सांगते. आणि

एलएस /लिब/मॉड्यूल्स

ही कोणकोणत्या कर्नलची फोल्डरं आहेत ते. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. ४५ आणि ४७ मध्ये घोळ घालून चुकीच्या कर्नलसाठी सगळं बांधून बसणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

इथे एक सोपा खुलासाही कधीकधी हाती लागतो. यूनेमने दाखवलेल्या आवृत्तीचं फोल्डर यादीत नाहीच, असं दिसलं तर अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट केलेलं नाही. आर्च लिनक्सवर हे वारंवार होतं. अपडेट जुन्या कर्नलची मॉड्यूल्स काढून टाकतं, चालू कर्नल मात्र जुनाच असतो, आणि अचानक पेनड्राइव्ह उघडत नाही. रीस्टार्ट केलं की संपलं.

मॉड्यूलचं नाव शोधा

‘वायफाय चालत नाही’ एवढ्यावर इलाज होत नाही, मॉड्यूलचं नाव हवं. जुन्या, चालणाऱ्या कर्नलवर असतानाच हे करा, म्हणजे अंदाज बांधावा लागत नाही.

एलएसपीसीआय -एनएनके

आतल्या कार्डांची यादी येते. प्रत्येक कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते, तिच्यापुढे लिहिलेलं तेच नाव. यूएसबीच्या वस्तूंसाठी ‘एलएसयूएसबी -टी’ चालवा; ‘ड्रायव्हर=’ पुढे नाव दिसतं. वजनकाटा, बारकोड किंवा पीएलसी जोडणाऱ्या यूएसबी-सीरियल केबलला तिथे बहुधा सीएच३४१, पीएल२३०३ किंवा एफटीडीआय_एसआयओ यांपैकी एक सापडेल.

नाव मिळालं की ते मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी आहे आणि कोणत्यासाठी नाही, ते बघा. रिअलटेकच्या डोंगलचं ८८२१सीयू उदाहरणाला घेऊ:

फाइंड /लिब/मॉड्यूल्स -नेम '८८२१सीयू*'

४५ च्या फोल्डरमध्ये फाइल आहे आणि ४७ च्या फोल्डरमध्ये नाही, असं दिसलं तर दोष हाती आला. फाइलच्या शेवटी .केओ, .केओ.एक्सझेड किंवा .केओ.झेडएसटी काहीही असू शकतं. शेवटची दोन फक्त दाबून लहान केलेली रूपं आहेत.

नव्या कर्नलवर मॉड्यूल चढवून बघा

आता नव्या कर्नलवर रीस्टार्ट करा आणि मॉड्यूल हाताने चढवा:

सुडो मॉडप्रोब ८८२१सीयू

चढलं तर मॉडप्रोब गप्प बसतो. नाही चढलं तर एक ओळ येते. या लेखातलं काही एकच लक्षात ठेवायचं असेल तर ते ही ओळ. लोक ती न वाचता पुढे जातात, आणि सगळा इलाज तिच्यातच लिहिलेला असतो. तिच्यामागचं कारण लगेच बघायला:

सुडो डीएमईएसजी | टेल -३०

नव्या कर्नलवर स्क्रीनच येत नसेल तर जुन्यावर परत जाऊन ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ चालवा. आधीच्या बूटमध्ये कर्नल काय बोलला ते त्यात दिसतं. एनव्हिडियाच्या तक्रारींत याचा खूप उपयोग होतो.

‘मॉड्यूल नॉट फाउंड इन डायरेक्टरी’ असं आलं तर फाइलच नाही. बांधकाम झालं नाही, किंवा पॅकेज आलेलं नाही. सगळ्यात जास्त दिसणारी ओळ ही.

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ किंवा ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणजे फाइल आहे, पण दुसऱ्या कर्नलची. डीएमईएसजीमध्ये ‘व्हर्जन मॅजिक अमुक, शुड बी तमुक’ असं स्पष्ट लिहिलेलं सापडतं. कुणीतरी जुनी फाइल नव्या फोल्डरमध्ये टाकलेली असते, किंवा गिटहबवरचा ड्रायव्हर ‘मेक इन्स्टॉल’ने कधीकाळी हाताने बसवलेला असतो. फाइलची व्हरमॅजिक ओळ स्वतः बघायची तर ‘मॉडइन्फो -एफ व्हरमॅजिक’ आणि पुढे मॉड्यूलचं नाव; इथला एफ मोठा.

‘अननोन सिम्बॉल इन मॉड्यूल’ म्हणजे मॉड्यूल ज्या दुसऱ्या तुकड्यावर अवलंबून आहे, तो सापडत नाही. ‘सुडो डेपमॉड -ए’ चालवून अवलंबनांची यादी पुन्हा तयार करा आणि मॉडप्रोब परत लावा. नाही जमलं तर मॉड्यूल नव्याने बांधा. इन्समॉडच्या नादाला लागू नका. तो अवलंबनं बघत नाही, म्हणून हीच चूक तो फुकट निर्माण करतो.

‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ किंवा ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ हे सिक्युअर बूटचं काम. त्याचं सविस्तर पुढे येईल.

मॉडप्रोब गप्प आहे, मॉड्यूल ‘एलएसमॉड’च्या यादीत दिसतंय, तरी वस्तू चालत नाही, हा निराळाच आजार. त्याचंही पुढे.

फाइलच नसेल तर

नव्या कर्नलचे हेडर्स आहेत का, ते पहिलं बघा. हेडर्स म्हणजे कर्नलच्या मापांचं रेखाचित्र. ते नसेल तर डीकेएमएस काहीच बांधू शकत नाही. उबंटू आणि मिंटवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)

ही आज्ञा चालू कर्नलचे हेडर्स आणते. जुन्या कर्नलवर बसून ती चालवली तर जुन्याचेच येतात आणि नवा कोरडाच राहतो. तिथून करायचं असेल तर $ आणि कंसासकट तो सगळा भाग काढून त्या जागी नव्या कर्नलचं पूर्ण नाव लिहा. हेडर्स वारंवार मागे राहत असतील तर मूळ कारण वेगळं आहे: मशीनवर ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे छत्री-पॅकेज नाही. ते एकदा बसवलं की पुढे प्रत्येक कर्नलबरोबर हेडर्स येत राहतात. डेबियनवर त्याचं नाव ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’. उबंटूवर एचडब्ल्यूई कर्नल (नव्या हार्डवेअरसाठी जुन्या उबंटूला दिलेला नवा कर्नल) असेल तर नावाला एचडब्ल्यूई आणि आवृत्ती जोडलेलं पॅकेज घ्या. फेडोरावर ‘कर्नल-डेव्हेल’.

हेडर्स आले की:

डीकेएमएस स्टेटस

प्रत्येक मॉड्यूलपुढे ‘अ‍ॅडेड’, ‘बिल्ट’ किंवा ‘इन्स्टॉल्ड’ असं लिहिलेलं येतं. नव्या कर्नलच्या नावापुढे ‘इन्स्टॉल्ड’ हवं. फक्त ‘अ‍ॅडेड’ म्हणजे सामान आलंय, बांधकाम झालेलं नाही. मग

सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के ६.८.०-४७-जेनेरिक

असं नव्या कर्नलचं नाव देऊन बांधून घ्या. ही आज्ञा जुन्या कर्नलवर बसूनही चालते. हेडर्स आणि बांधकाम आटोपून मगच नव्यात जाता येतं, म्हणून वायफाय गेलेल्या लॅपटॉपला ही वाट सगळ्यात सोयीची. फेडोरावर हेच काम ‘सुडो अ‍ॅकमॉड्स --फोर्स’ करतो.

डीकेएमएसच्या यादीत तुमचं मॉड्यूलच नसेल, तर ते आधी हाताने बांधलेलं होतं. अशा ड्रायव्हरला दर कर्नलला तीच कसरत करावी लागते. त्याच ड्रायव्हरची डीकेएमएसवाली आवृत्ती शोधून ती बसवा आणि जन्माची कटकट मिटवा.

ड्रायव्हर कर्नलच्याच घरचा असूनही फाइल नसेल, तर मॉड्यूल्स-एक्स्ट्रा आठवा. उबंटूच्या अनेक आवृत्त्यांत कमी वापरले जाणारे ड्रायव्हर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ आणि पुढे कर्नलचं नाव, अशा पॅकेजात असतात. नेहमीच्या अपडेटमध्ये ते आपोआप येतं. कुणी फक्त इमेजचं पॅकेज निवडून बसवलं असेल, किंवा मशीनवर ‘व्हर्च्युअल’ जातीचा कर्नल असेल, तर ते राहून जातं.

बांधकाम फसलं तर नोंदवही वाचा

डीकेएमएस ‘बॅड एक्झिट स्टेटस’ म्हणून थांबला की नोंद उघडा. ती /व्हार/लिब/डीकेएमएस/ इथे मॉड्यूलच्या नावाच्या आणि आवृत्तीच्या फोल्डरखाली ‘बिल्ड/मेक.लॉग’ या फाइलमध्ये असते. फाइल लांबलचक असते, पण शेवटापासून वाचू नका. शेवटची ‘एरर’ बहुधा नुसता परिणाम असते. पहिली ‘एरर’ शोधा:

ग्रेप -एन -एम१ 'एरर:' मेक.लॉग

तिथे बहुतेक तीनपैकी एक गोष्ट सापडते. हेडर्स नाहीत, हे वर झालंच. दुसरी गोष्ट कंपायलरची, म्हणजे कोडवरून मॉड्यूल बांधणाऱ्या जीसीसी या प्रोग्रामची. कर्नल ज्या जीसीसीने बांधला, त्यापेक्षा जुना जीसीसी मशीनवर असेल तर तो नव्या खुणा ओळखत नाही. उबंटू २२.०४ वर एचडब्ल्यूईचा ६.५ कर्नल आला तेव्हा नेमकं हेच झालं. कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला, मशीनवर जीसीसी ११, आणि नोंदीत ‘अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन’. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२’ एवढ्यावर काम भागलं. तुमचा कर्नल कशाने बांधलाय ते ‘कॅट /प्रॉक/व्हर्जन’ सांगतं.

तिसरी गोष्ट खरी अवघड: ड्रायव्हरचा कोडच जुना पडलेला असतो. ६.४ कर्नलमध्ये ‘क्लास_क्रिएट’ या फंक्शनचं एक आर्ग्युमेंट कमी केलं गेलं, आणि बाहेरचे कितीतरी ड्रायव्हर ‘टू मेनी आर्ग्युमेंट्स’ म्हणत बांधायचेच थांबले. ‘इम्प्लिसिट डिक्लेरेशन’, ‘हॅज नो मेंबर नेम्ड’ असलं काही दिसलं की समजा की हेडर्स कितीदाही बसवले तरी फरक पडणार नाही. ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधा, आणि ती येईपर्यंत जुन्या कर्नलवर राहा. सी भाषा येत नसताना कोडमध्ये हात घालू नका.

शोधताना एक तपासून बघा: तुमचं हार्डवेअर कर्नलच्याच ड्रायव्हरने आता चालतंय का? रिअलटेकचं ८८२१सीयू डोंगल ६.२ पासून कर्नलमधल्या आरटीडब्ल्यू८८ ने चालतं. म्हणजे बाहेरचा ड्रायव्हर आता ओझंच. तो काढायचा तर आधी ‘डीकेएमएस स्टेटस’मधून नाव आणि आवृत्ती घ्या आणि ‘सुडो डीकेएमएस रिमूव्ह नाव/आवृत्ती --ऑल’ चालवा. इतक्यावर बरेच जण थांबतात आणि वायफाय तरीही येत नाही. कारण त्या बाहेरच्या ड्रायव्हरने बसताना कर्नलच्या ड्रायव्हरला बंदी घातलेली असते, आणि ती फाइल मागे राहून जाते. शोधा:

ग्रेप -आर ब्लॅकलिस्ट /ईटीसी/मॉडप्रोब.डी/

आरटीडब्ल्यू८८ चं नाव असलेली ओळ सापडली तर तिच्या सुरुवातीला # घाला, ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवा (इनिटरॅमएफएस म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या मॉड्यूल्सचं छोटं गाठोडं) आणि रीस्टार्ट करा.

एनव्हिडियाचं थोडं निराळं. जुन्या कार्डांसाठीची ३९० मालिका कंपनीने २०२२ च्या अखेरीस सांभाळणं बंद केलं. असं कार्ड नव्या कर्नलवर ओढत नेण्यापेक्षा नूव्हो या मुक्त ड्रायव्हरवर समाधान माना, किंवा जुन्या एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) कर्नलवर राहा. अलीकडचं कार्ड असेल तर उबंटूवर ‘उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ चालवून शिफारस केलेलं पॅकेज घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावरची .रन फाइल आणि एपीटीचं पॅकेज एकाच मशीनवर कधीही मिसळू नका. निस्तरायला संध्याकाळ जाते.

सिक्युअर बूट आणि निळा पडदा

‘की रिजेक्टेड’ असं आलं तर प्रथम:

मोकयूटिल --एसबी-स्टेट

उत्तर ‘एनेबल्ड’ आलं तर कर्नल ओळखीच्या सहीचीच मॉड्यूल्स घेतो. डीकेएमएस आपल्या मशीनवरच्या किल्लीने (तिलाच मोक म्हणतात) सही करतो, पण ती किल्ली मदरबोर्डाकडच्या यादीत नोंदवलेली लागते. उबंटूवर नोंदणी अशी:

सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डेर

फाइलच्या नावातला शेवटचा मोक मोठ्या अक्षरांत. डेबियनवर किल्ली सहसा /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब इथे असते. आज्ञा एक पासवर्ड विचारते. तो एकदाच वापरायचा आहे, ८ ते १६ अक्षरांचा ठेवा आणि साधी अक्षरं वापरा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो.

रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि कोणतीही कळ दाबायला साधारण १० सेकंद मिळतात. याच वेळी माणूस चहा आणायला उठतो. पडदा निघून जातो, नोंदणी होत नाही, आणि इम्पोर्टपासून पुन्हा सुरुवात. कळ दाबा, ‘एनरोल मोक’, मग ‘कंटिन्यू’, ‘यस’, पासवर्ड, आणि शेवटी ‘रीबूट’.

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद करणं हा पाच मिनिटांचा इलाज आहे. शेजारी विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर चालू असेल तर तो करू नका. विंडोज रिकव्हरी की मागत बसेल.

मॉड्यूल चढलंय, वस्तू मात्र मुकी

डीएमईएसजीमध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर... फेल्ड विथ एरर -२’ दिसलं तर मॉड्यूल ठीक आहे, कार्डात भरायची फर्मवेअर फाइल नाही. -२ म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. नवा ड्रायव्हर नवी फर्मवेअर फाइल मागतो, म्हणून कर्नलबरोबर ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेजही ताजं ठेवा.

वजनकाट्याचा किंवा सीएनसीच्या कंट्रोलरचा सीएच३४० केबल उबंटू २२.०४ वर गेल्यापासून जोडताच तुटतो, अशी तक्रार असेल तर कर्नलला दोष देऊ नका. डीएमईएसजीमध्ये सीएच३४१ (सीएच३४० चा ड्रायव्हर हाच) जोडला गेला आणि लगेच ‘बीआरएलटीटीवाय’ने तो बळकावला, असं दिसेल. हा ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्राम आहे आणि त्या केबलला तो ब्रेलचं यंत्र समजतो. मशीनवर ब्रेल वापरणारं कुणी नसेल तर ‘सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय’ करा, केबल काढून पुन्हा लावा, टीटीवाययूएसबी० परत येईल.

कर्नल ६.१२ किंवा पुढचा असताना व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीटी-एक्स (प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय) दुसऱ्याच्या ताब्यात आहे’ अशा अर्थाचं कुरकुरत असेल तर त्याचं मॉड्यूल ठीकच आहे. केव्हीएम, म्हणजे कर्नलची स्वतःची व्हर्च्युअलायझेशन व्यवस्था, आता चढताक्षणी ती सोय ताब्यात घेतो. ग्रबच्या कर्नल ओळीत ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=०’ घातलं की तो बाजूला होतो.

आणि मशीन डिस्कच न सापडता ‘इनिटरॅमएफएस’च्या काळ्या पडद्यावर थांबत असेल, तर बूटच्या सुरुवातीला लागणारं मॉड्यूल त्या छोट्या गाठोड्यात बांधलं गेलेलं नाही. जुन्या कर्नलवरून ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलचं नाव देऊन गाठोडं नव्याने बांधा. फेडोरावर ‘सुडो ड्रॅकट --फोर्स --केव्हर’ आणि कर्नलचं नाव.

अर्धवट अपडेट आणि भरलेलं /बूट

पावसाळ्यात अपडेट चालू असताना लाइट जाणं कोल्हापूरकराला नवीन नाही. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर त्यातून अर्धा बसलेला कर्नल शिल्लक राहतो. नावाने तो मेनूत असतो, मॉड्यूल्स मात्र अपुरी. जुन्या कर्नलवर येऊन

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

आणि मग

सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

हे दोन्ही याच क्रमाने चालवा. वायफायसारखी कोणती तरी एक गोष्ट बिघडलेली नसून तीन-चार एकदम गेल्या असतील, तर इथूनच सुरुवात करा.

याच लक्षणांचं दुसरं कारण भरलेलं /बूट. एन्क्रिप्शन घेऊन बसवलेल्या उबंटूवर /बूटचा वेगळा छोटा भाग असतो. एकेक कर्नल १०० एमबी किंवा जास्त जागा घेतो, त्यामुळे ५०० एमबीचा भाग चार कर्नलांत तुडुंब होतो आणि पाचवा अर्धवट लिहिला जातो. ‘डीएफ -एच /बूट’ने बघा, ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ने जुने काढा. /बूटमधल्या फाइली हाताने पुसू नका. पॅकेज व्यवस्थेला ते कळत नाही आणि पुढचं अपडेट पुन्हा अडकतं.

पुढच्या कर्नलच्या आधी

चालणारा एक जुना कर्नल कायम ठेवा. फेडोरा मुळातच ३ ठेवतो. उबंटूचं ऑटोरिमूव्हही चालू कर्नलला हात लावत नाही. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये ‘ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू’ आणि ‘ग्रब_टाइमआउट=५’ करून (= च्या डावीकडचं सगळं मोठ्या अक्षरांत) ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवलं, की एस्केपची धावपळ करावी लागत नाही. अपडेट झाल्यावर आणि रीस्टार्ट करण्यापूर्वी एकदा ‘डीकेएमएस स्टेटस’ बघायची सवय लावा. नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल, तर वायफाय शाबूत असतानाच दुरुस्ती होते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या शॉपमध्ये लिनक्ससीएनसीवर चालणारी मशीन असेल तर तिला घरच्या लॅपटॉपचा नियम लावू नका. तिथे रिअल-टाइम कर्नल असतो. साध्या अपडेटमधून जेनेरिक कर्नल येऊन ग्रबमध्ये वर बसला की मशीन बूट होते, पण तिचं वेळेचं गणित कोलमडतं. ‘यूनेम -व्ही’मध्ये ‘प्रीएम्प्ट_आरटी’ दिसतंय ना, ते प्रत्येक अपडेटनंतर बघा. अशा मशीनवर कर्नल गोठवून ठेवणंच शहाणपणाचं:

सुडो एपीटी-मार्क होल्ड लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४ लिनक्स-हेडर्स-आरटी-एएमडी६४

ही नावं डेबियनची आहेत. तुमच्या मशीनवरची नावं ‘डीपीकेजी -एल | ग्रेप लिनक्स-इमेज’मधून घ्या. गोठवलेल्या कर्नलला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून ती मशीन इंटरनेटपासून लांब ठेवा आणि तिला लागणाऱ्या फाइली पेनड्राइव्हने न्या. सुट्टीच्या दिवशी, डिस्कची पूर्ण प्रत काढून झाल्यावर, ‘एपीटी-मार्क अनहोल्ड’ करून अपडेट घ्या आणि जॉब लावण्यापूर्वी स्पिंडल बंद ठेवून अक्ष रिकामे फिरवून बघा.